डेबियन १२ वरून १३ वर जाताना डिस्क सापडेनाशी झाली तर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डेबियन या लिनक्स प्रणालीची १३ वी आवृत्ती, म्हणजे ट्रिक्सी, ९ ऑगस्ट २०२५ रोजी प्रसिद्ध झाली. १२ व्या आवृत्तीवरून, म्हणजे बुकवर्मवरून, तिच्यावर जाताना ज्यांना अडचण येते त्यांच्यापैकी अनेकांची तक्रार एकच असते : पॅकेजे नीट बसली, संगणक रीस्टार्ट केला आणि त्याला डिस्कच सापडेना. आपल्या संगणकाची देखभाल स्वतः करणाऱ्या आणि टर्मिनलमध्ये कमांड देण्याची सवय असलेल्या वाचकांसाठी हे पान आहे. कमांड आणि फाइल यांची नावे येथे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. ती रोमन लिपीतील लहान अक्षरांत टंकावीत.

अपग्रेडनंतर डिस्क सापडत नाही असा संदेश आला. माझ्या फाइली गेल्या का?

जवळजवळ नेहमीच नाही. अपग्रेडमध्ये पॅकेजे बदलतात, नवे कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, येते, बूट होण्यासाठी लागणाऱ्या काही फाइली नव्याने तयार होतात. पार्टिशनच्या तक्त्याला किंवा आपल्या फाइलींना अपग्रेड स्वतःहून हात लावत नाही. त्यामुळे असा संदेश दिसला की तो «डिस्क नष्ट झाली» असा न वाचता «बूट होण्याच्या अमुक टप्प्याला डिस्क दिसली नाही» असा वाचावा. घाबरून त्याच डिस्कवर नवे इन्स्टॉलेशन करणे किंवा दुरुस्तीसाठी म्हणून पार्टिशन पुन्हा आखणे, हीच खरी हानी करणारी कृती आहे आणि ती टाळण्यासाठीच हे पान लिहिले आहे.

याला एक अपवाद आहे. जी डिस्क आधीच अखेरच्या घटका मोजत होती ती अपग्रेडच्या वेळी होणाऱ्या मोठ्या वाचन-लेखनाने उघडी पडू शकते. ती शक्यता कशी तपासायची हे पुढे एका प्रश्नात दिले आहे.

कोणत्या टप्प्यावर अडले आहे हे कसे ओळखायचे?

संगणक सुरू होताना डिस्क चार वेळा, चार वेगवेगळ्या घटकांकडून शोधली जाते. प्रथम मदरबोर्डवरील फर्मवेअर ती शोधते. फर्मवेअरच्या सेटिंगच्या पडद्यावरही डिस्कचे नाव दिसत नसेल, तर दोष केबल, स्लॉट, सेटिंग किंवा खुद्द डिस्क यांत आहे आणि डेबियनमध्ये काहीही शोधून उपयोग नाही. दुसऱ्या टप्प्यात ग्रब हा बूटलोडर डिस्क शोधतो. तो अडला की काळ्या पडद्यावर ग्रब किंवा ग्रब रेस्क्यू असा प्रॉम्प्ट येतो. तिसऱ्या टप्प्यात कर्नल सुरू झालेले असते आणि इनिट्रॅमएफएस ही मेमरीत उलगडलेली तात्पुरती छोटी प्रणाली मुख्य फाइल सिस्टिम शोधत असते. ती अडली की मूळ डिव्हाइसची वाट पाहणे सोडून दिल्याचा संदेश येतो आणि कंसात इनिट्रॅमएफएस असे लिहिलेला प्रॉम्प्ट उरतो. चौथ्या टप्प्यात मुख्य प्रणाली सुरू झालेली असते आणि सिस्टिमडी उरलेली पार्टिशन जोडत असते. तेथे अडले तर सुमारे दीड मिनिट वाट पाहून संगणक इमर्जन्सी मोडमध्ये जातो.

पडद्यावर नेमके काय दिसते यावरूनच टप्पा कळतो. म्हणून पहिले काम दुरुस्तीचे नसून मोबाइलने त्या पडद्याचा स्पष्ट फोटो काढण्याचे आहे. चार टप्प्यांचे उपाय एकमेकांपासून पूर्ण वेगळे आहेत. तिसऱ्या टप्प्यावर अडलेल्या संगणकावर ग्रब पुन्हा बसवत राहिल्याने वेळ जातो आणि कधीकधी चालू असलेला भागही बिघडतो.

सर्वांत आधी काय करून पाहावे?

जुने कर्नल. अपग्रेडमध्ये डेबियन १३ चे ६.१२ कर्नल येते, पण डेबियन १२ चे ६.१ कर्नल आपोआप काढले जात नाही. ग्रबच्या यादीत डेबियनच्या प्रगत पर्यायांची ओळ असते, तिच्यात शिरून जुने कर्नल निवडावे. त्याने संगणक सुरू झाला तर एका झटक्यात बरेच काही सिद्ध होते : डिस्क ठणठणीत आहे, फाइल सिस्टिम शाबूत आहे, आणि दोष नव्या कर्नलच्या इनिट्रॅमएफएसमध्ये किंवा त्याच्या एखाद्या ड्रायव्हरमध्ये आहे. दोन्ही कर्नल एकाच जागी अडत असतील तर संशय एफएसटॅब (कोणते पार्टिशन कोठे जोडायचे याची यादी), क्रिप्टटॅब (एनक्रिप्ट केलेल्या पार्टिशनांची यादी) यांसारख्या दोघांना सामाईक असलेल्या सेटिंगांकडे किंवा हार्डवेअरकडे वळवावा.

याच कारणासाठी नवे कर्नल व्यवस्थित चालते अशी खात्री होईपर्यंत ॲप्टची ऑटोरिमूव्ह ही अनावश्यक पॅकेजे काढून टाकणारी कमांड देऊ नये. इनिट्रॅमएफएस नव्याने बनवतानाही ती फक्त नव्या कर्नलची बनवावी. सर्व कर्नलांची एकदम बनवण्याचा पर्याय सोयीचा वाटतो, पण सेटिंगमध्ये चूक असेल तर चालू असलेली जुनी वाटही त्याने बंद होते.

काल एसडीए असलेली डिस्क आज एसडीबी कशी झाली?

एसडीए, एसडीबी ही नावे डिस्कची नाहीतच. ज्या क्रमाने कर्नलला डिस्क सापडतात त्या क्रमाने ती वाटली जातात, रांगेत उभे राहिल्यावर हातात पडणाऱ्या टोकनसारखी. आजची कर्नले डिस्क एकामागून एक न शोधता एकाच वेळी शोधतात, त्यामुळे दोन डिस्क असलेल्या संगणकात हा क्रम एका बूटपासून दुसऱ्या बूटपर्यंतही बदलू शकतो. पेन ड्राइव्ह लावून ठेवला असेल तर तोही एसडीए हे नाव पटकावू शकतो. एनव्हीएमई डिस्कच्या नावातले क्रमांकही असेच शोधाच्या क्रमाने ठरतात.

हा प्रश्न डेबियनला नवा नाही. २०११ मध्ये आलेल्या डेबियन ६ मध्ये, म्हणजे स्क्वीझमध्ये, जुन्या आयडीई डिस्कसाठी नवे ड्रायव्हर आले आणि एचडीए नावाची डिस्क एका रात्रीत एसडीए झाली. त्या वेळी लिनक्स-बेस या पॅकेजने अपग्रेड होत असतानाच वापरकर्त्याला विचारून सेटिंगांतील नावे यूयूआयडीमध्ये, म्हणजे प्रत्येक फाइल सिस्टिमच्या स्वतंत्र ओळख-क्रमांकामध्ये, बदलून देण्याची सोय केली होती. तेव्हापासूनचा धडा कायम आहे : एफएसटॅबमध्ये, ग्रबच्या सेटिंगमध्ये किंवा बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये एसडीए अशी नावे लिहू नयेत. इन्स्टॉलरने बनवलेल्या एफएसटॅबमध्ये यूयूआयडीच असतात. घोळ होतो तो नंतर जोडलेल्या डिस्कसाठी हाताने लिहिलेल्या ओळींचा. अपग्रेडआधी त्या शोधून बदलणे हे पाच मिनिटांचे काम आहे.

यूयूआयडी कोठे पाहावा आणि तो कधी बदलतो?

एलएसबीएलके या कमांडला एफ हा पर्याय जोडला की प्रत्येक पार्टिशनची फाइल सिस्टिम, लेबल, यूयूआयडी आणि ते कोठे जोडले आहे हे एका तक्त्यात दिसते. बीएलकेआयडी ही कमांडही तेच सांगते, मात्र ती रूटच्या अधिकाराने द्यावी. ईएक्सटी४ किंवा एक्सएफएस यांचा यूयूआयडी १२८ बिटांचा, म्हणजे संयोगचिन्हे धरून ३६ अक्षरांचा असतो. फॅट फाइल सिस्टिमचा, म्हणजे यूईएफआय या नव्या पद्धतीच्या फर्मवेअरला लागणाऱ्या ईएसपी पार्टिशनचा, क्रमांक मात्र चार-चार अशा केवळ ८ अक्षरांचा असतो. तो अपुरा समजून कोणी «दुरुस्त» करू नये.

यूयूआयडी फाइल सिस्टिममध्ये लिहिलेला असतो, त्यामुळे डिस्क दुसऱ्या पोर्टला लावली तरी तो बदलत नाही. फॉरमॅट केल्यावर मात्र बदलतो. येथे स्वॅप पार्टिशन हमखास विसरले जाते. दुसरी एखादी लिनक्स प्रणाली त्याच डिस्कवर बसवताना तिच्या इन्स्टॉलरने सामाईक स्वॅप पुन्हा फॉरमॅट केले, तर डेबियनच्या रिझ्यूम (हायबरनेट केलेला संगणक पुन्हा सुरू करण्याच्या) सेटिंगमध्ये जुना यूयूआयडी राहतो आणि प्रत्येक बूटच्या वेळी संगणक अस्तित्वात नसलेल्या डिव्हाइसची अर्धा मिनिट वाट पाहतो. इनिट्रॅमएफएस-टूल्सच्या कॉन्फ-डी निर्देशिकेतील रिझ्यूम नावाच्या फाइलमध्ये नवा यूयूआयडी लिहून इनिट्रॅमएफएस पुन्हा बनवले की ही दिरंगाई संपते.

उलट अडचण क्लोन केलेल्या डिस्कची. जुन्या डिस्कवरून नव्या एसएसडीवर सेक्टरशः प्रत काढली की दोघींचे यूयूआयडी एकच असतात. दोन्ही एकदम जोडलेल्या असतील तर कोणती सुरू झाली हे सांगता येत नाही, एक्सएफएस दुसरी प्रत जोडायला नकार देते, आणि बीटीआरएफएसच्या बाबतीत तर माहिती खराब होण्याचा धोका असतो. क्लोन झाल्यावर पहिली डिस्क काढून ठेवूनच संगणक सुरू करावा.

इनिट्रॅमएफएसचा प्रॉम्प्ट आला आहे. आता काय टंकावे?

या प्रॉम्प्टला पाहून अनेक जण धीर सोडतात. खरे तर ही सर्वांत उपयोगी जागा आहे, कारण कर्नल आपल्या हाती आहे आणि त्याला काय दिसते हे येथे थेट विचारता येते.

प्रथम बीएलकेआयडी टंकावे. आपली सर्व पार्टिशन दिसली, तर ड्रायव्हर चालू आहे आणि मागितलेला यूयूआयडी तेवढा चुकीचा आहे. प्रॉक निर्देशिकेतील सीएमडीलाइन ही फाइल कॅट कमांडने वाचून रूट या शब्दापुढे कोणता यूयूआयडी लिहिला आहे ते पाहावे आणि दोन्ही अक्षरशः ताडून पाहावेत. फरक आढळला तर संगणक रीस्टार्ट करून ग्रबच्या यादीत ई हे बटण दाबावे, त्या एका बूटपुरता यूयूआयडी दुरुस्त करावा आणि प्रणाली सुरू झाल्यावर अपडेट-ग्रब ही कमांड द्यावी.

बीएलकेआयडीने काहीच दाखवले नाही, तर दहा सेकंद थांबून ती कमांड पुन्हा द्यावी. आता डिस्क दिसली तर ती केवळ उशिरा जागी होते आहे. यूएसबीवरील डिस्क आणि काही रेड (अनेक डिस्क एकत्र जुळवणारे) कंट्रोलर असे वागतात. एक्झिट टंकले की बूट पुढे सुरू होते, आणि कायमचा उपाय म्हणून ग्रबच्या सेटिंगमध्ये कर्नलच्या पर्यायांत रूटडिले हा पर्याय सेकंदांच्या आकड्यासह लिहिता येतो.

तरीही काही दिसत नसेल तर ड्रायव्हरचे मॉड्यूल इनिट्रॅमएफएसमध्ये आलेलेच नसण्याचा संभव अधिक. प्रॉक निर्देशिकेतील मॉड्यूल्स ही फाइल वाचावी. साटा डिस्कसाठी एएचसीआय, एनव्हीएमई डिस्कसाठी एनव्हीएमई हे नाव तीत असायला हवे. ते नसेल तर मॉडप्रोब कमांडने चढवून पाहावे. मॉड्यूल सापडत नाही असे उत्तर आले तर जुन्या कर्नलने सुरू करून इनिट्रॅमएफएस-टूल्सच्या सेटिंग फाइलमधील मॉड्यूल्स ही ओळ पाहावी. तेथे डेप असे लिहिले असेल तर फक्त या क्षणी लागणारे ड्रायव्हर घेतले जातात, आणि मदरबोर्ड बदलला किंवा फर्मवेअरमध्ये डिस्कची पद्धत बदलली की ते अपुरे पडतात. ती ओळ मोस्ट अशी करून अपडेट-इनिट्रॅमएफएस चालवावे.

एलव्हीएमवर, म्हणजे भौतिक पार्टिशनांवर लॉजिकल व्हॉल्यूम आखण्याच्या व्यवस्थेवर, बसवलेल्या प्रणालीत भौतिक पार्टिशन दिसते पण लॉजिकल व्हॉल्यूम दिसत नाहीत असेही होते. एलव्हीएम या कमांडपुढे व्हीजीचेंज आणि एवाय हा पर्याय देऊन ते जागे होतात का हे पाहावे. जागे झाले तर मुख्य प्रणालीत एलव्हीएम२ हे पॅकेज अर्धवट बसलेले नाही ना, याची खात्री करावी.

बूट पार्टिशन भरल्याचा आणि डिस्क न सापडण्याचा काय संबंध?

फार जवळचा, आणि याच अपग्रेडमध्ये तो विशेष जाणवतो. कर्नल आणि फर्मवेअरची पॅकेजे आवृत्तीगणिक फुगत गेली आहेत. डेबियन १३ च्या प्रकाशन-टिपणांत बूट पार्टिशन किमान ७६८ एमबीचे असावे आणि त्यात सुमारे ३०० एमबी मोकळे असावे असे स्पष्ट म्हटले आहे. डेबियन १० किंवा त्याआधी प्रथम बसवलेल्या आणि तेव्हापासून अपग्रेड होत आलेल्या संगणकांत हे पार्टिशन त्याहून बरेच लहान असण्याची शक्यता मोठी आहे. जागा संपली की इनिट्रॅमएफएस बनताना मध्येच थांबते. त्या क्षणी ॲप्टने दिलेली चूक शेकडो ओळींत वाहून जाते, आपण रीस्टार्ट करतो आणि समोर येते ते «डिस्क सापडत नाही».

अपग्रेडआधी डीएफ कमांडने बूट पार्टिशनची मोकळी जागा पाहावी आणि सध्या चालू नसलेली जुनी कर्नले काढावीत. अपघात होऊन गेला असेल तर जुन्या कर्नलने सुरू करावे, जागा मोकळी करावी, डीपीकेजीला अपूर्ण पॅकेजे कॉन्फिगर करण्याची कमांड द्यावी आणि अपडेट-इनिट्रॅमएफएस पुन्हा चालवावे. मॉड्यूल्सची ओळ डेप करून जागा वाचवता येते, पण त्याचा तोटा वर आलाच आहे. मुख्य पार्टिशन एनक्रिप्ट केलेले नसेल तर वेगळे बूट पार्टिशन मोडून त्यातील फाइली मुख्य पार्टिशनवर नेणे, एफएसटॅबमधली ओळ काढणे आणि ग्रब पुन्हा बसवणे हा माझ्या मते अधिक टिकाऊ उपाय आहे.

डिस्क एनक्रिप्ट केलेली आहे. वेगळी काळजी घ्यावी लागते का?

हो. डेबियन १३ मध्ये एनक्रिप्ट केलेल्या फाइल सिस्टिम आपोआप शोधून जोडण्याचे काम सिस्टिमडीच्या मुख्य पॅकेजातून काढून सिस्टिमडी-क्रिप्टसेटअप या वेगळ्या पॅकेजात नेले आहे. ते शिफारस केलेल्या पॅकेजांत असल्याने बहुधा आपोआप येते. पण जागा वाचवण्यासाठी ज्यांनी शिफारस केलेली पॅकेजे न घेण्याचे सेटिंग केले आहे, त्यांच्याकडे ते येत नाही. रीस्टार्ट करण्याआधी ते बसले आहे का हे अवश्य पाहावे.

दुसरी बाब लक्स ही एनक्रिप्शनची नेहमीची पद्धत न वापरता साध्या डीएम-क्रिप्ट पद्धतीने एनक्रिप्ट केलेल्या पार्टिशनची आहे. या पद्धतीत सायफर, हॅश आणि किल्लीची लांबी डिस्कवर कोठेही नोंदवलेली नसते आणि क्रिप्टटॅबमध्ये नसेल तर प्रणालीची पूर्वनिर्धारित मूल्ये वापरली जातात. ती मूल्ये १३ व्या आवृत्तीत बदलली आहेत. म्हणजे पासवर्ड बरोबर असूनही आतली फाइल सिस्टिम ओळखू येत नाही. अशा वेळी क्रिप्टटॅबमध्ये सायफर एईएस-सीबीसी-ईएसएसआयव्ही सोबत एसएचए२५६, आकार २५६ आणि हॅश आरआयपीईएमडी१६० ही जुनी मूल्ये लिहावीत. त्या पार्टिशनवर फॉरमॅट करण्याची सूचना कोणत्याही साधनाने दिली तरी ती स्वीकारू नये. लक्स वापरणाऱ्यांना ही अडचण येत नाही, कारण लक्सच्या मथळ्यात हे तपशील लिहिलेले असतात.

रेडचे नाव एमडी० ऐवजी एमडी१२७ दिसते. बिघाड आहे का?

नाही. एमडीएडीएम हे रेड सांभाळणारे साधन आहे. त्याच्या सेटिंग फाइलची जी प्रत इनिट्रॅमएफएसमध्ये आहे तिच्यात त्या अ‍ॅरेची (एकत्र जुळवलेल्या डिस्कच्या संचाची) नोंद नसली की ते तो जुळवते, पण नाव १२७ पासून खाली मोजत देते. एमडीएडीएमला डिटेल आणि स्कॅन हे पर्याय देऊन मिळणारी ओळ सेटिंग फाइलमध्ये लिहावी आणि इनिट्रॅमएफएस पुन्हा बनवावे. एफएसटॅबमध्ये यूयूआयडी असेल तर नाव बदलल्याने काही अडतही नाही. अ‍ॅरे जुळतच नसेल तर मात्र क्रिएट हा पर्याय चुकूनही वापरू नये. असेंबल वापरावा, तो आहे ते मथळे वाचतो, नवे लिहीत नाही.

इमर्जन्सी मोडमध्ये संगणक थांबतो, पण मुख्य डिस्क तर दिसते.

मग एफएसटॅबमधील दुसरी एखादी ओळ पुरी होत नाही. सिस्टिमडी प्रत्येक डिव्हाइसची पूर्वनिर्धारित ९० सेकंद वाट पाहते आणि न सापडल्यास बूट थांबवते. काढून टाकलेल्या जुन्या डिस्कची किंवा कधीतरीच लावल्या जाणाऱ्या बाह्य डिस्कची ओळ हे नेहमीचे कारण असते. जर्नलसीटीएलला बी हा पर्याय दिला की कोणत्या यूयूआयडीची वाट पाहिली हे कळते. ओळ अनावश्यक असेल तर काढावी, आणि डिस्क ऐच्छिक असेल तर पर्यायांत नोफेल जोडावा. मुख्य पार्टिशनला मात्र तो जोडू नये.

इन्स्टॉलेशनच्या वेळी रूटचा पासवर्ड ठेवला नसेल तर इमर्जन्सी मोडमध्ये रूटचे खाते बंद असल्याचे कळते आणि आत जाता येत नाही. डेबियनच्या लाइव्ह पेन ड्राइव्हवरून सुरू करून, मुख्य पार्टिशन जोडून, एफएसटॅब दुरुस्त करणे हा सरळ मार्ग आहे.

अपग्रेड सोडून नव्याने बसवायला गेलो, पण इन्स्टॉलरलाच डिस्क दिसत नाही. विंडोजला मात्र दिसते.

इंटेलच्या लॅपटॉपांत हे वारंवार आढळते. फर्मवेअरमध्ये साटाची पद्धत रेड किंवा आरएसटी अशी ठेवलेली असली की काही चिपसेट एनव्हीएमई डिस्क साटा कंट्रोलरच्या आड लपवतात. कर्नलच्या नोंदींत रीमॅप केलेल्या एनव्हीएमई डिस्क सापडल्याचा आणि रेड बदलून एएचसीआय करण्याचा सल्ला देणारा संदेशच येतो. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपांत त्याऐवजी व्हीएमडी नावाचे सेटिंग असते. लिनक्स कर्नलमध्ये त्यासाठी ड्रायव्हर आहे, तरी इन्स्टॉलरला डिस्क दिसत नसेल तर फर्मवेअरमध्ये व्हीएमडी बंद करणे सोपे पडते.

हे सेटिंग बदलण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. त्याच डिस्कवर विंडोज असेल तर आधी विंडोज सेफ मोडमध्ये सुरू होईल अशी व्यवस्था करून मगच पद्धत बदलावी, नाहीतर ते बूट होत नाही, आणि बिटलॉकर हे विंडोजचे एनक्रिप्शन चालू असेल तर रिकव्हरी की हाताशी लिहून ठेवावी. तसेच डिस्क खरोखरच इंटेलच्या रेड अ‍ॅरेचा भाग असतील तर हे सेटिंग बदलू नये.

एनव्हीएमई डिस्क बूट होताना दिसते आणि काही वेळाने नाहीशी होते.

काही एनव्हीएमई डिस्क वीज वाचवण्याच्या खोल अवस्थेत गेल्यावर परत जाग्या होत नाहीत. कर्नल बदलले की वीजबचतीचे वर्तनही बदलू शकते, त्यामुळे दोष अपग्रेडनंतर प्रथम दिसतो. डी-मेसेज (टंकताना डीएमईएसजी) या कमांडने दिसणाऱ्या कर्नलच्या नोंदींत कंट्रोलर बंद पडल्याचा संदेश असेल, तर ग्रबमध्ये कर्नलच्या पर्यायांत एनव्हीएमई-कोअर मॉड्यूलची वीजबचतीची कमाल विलंब-मर्यादा शून्य करून पाहावी. त्या पर्यायाचे नेमके शब्दलेखन कर्नलच्या त्याच संदेशात छापलेले असते. याने लॅपटॉपची बॅटरी थोडी लवकर उतरते. डिस्कच्या निर्मात्याने फर्मवेअरची नवी आवृत्ती दिली असेल तर ती घेणे अधिक चांगले.

ग्रब रेस्क्यूमध्ये «सिम्बॉल सापडले नाही» असे येते. डिस्क तर फर्मवेअरला दिसते.

जुन्या बायोस पद्धतीने बूट होणाऱ्या संगणकांत ग्रबचा गाभा डिस्कच्या आरंभी असतो आणि मॉड्यूल बूट निर्देशिकेत असतात. अपग्रेडने मॉड्यूल नवे केले पण गाभा दुसऱ्याच डिस्कवर लिहिला, तर दोघांचे जमत नाही. जुलै २०२० मध्ये बूटहोल या त्रुटीवरील दुरुस्ती आली तेव्हा अनेक संगणक याच कारणाने अडले होते. कारण बहुधा असे असते, की मधल्या काळात डिस्क बदलली आणि ग्रब-पीसी पॅकेजच्या नोंदीत जुन्याच डिस्कची ओळख राहिली. लाइव्ह पेन ड्राइव्हवरून सुरू करून, चरूटने मुख्य प्रणालीत शिरून, ग्रब-पीसी हे पॅकेज डीपीकेजी-रीकॉन्फिगरने पुन्हा कॉन्फिगर करावे आणि ज्या डिस्कवरून बूट होते ती निवडावी. पार्टिशन न निवडता पूर्ण डिस्क निवडायची हे ध्यानात ठेवावे.

यूईएफआयच्या संगणकांत याऐवजी फर्मवेअरच्या यादीतून डेबियनची नोंदच गळालेली आढळते. ईएफआयबूटएमजीआर कमांडने ती पाहता येते. काही फर्मवेअर फक्त ठरावीक राखीव जागेची बूट फाइल मानतात. त्यांच्यासाठी ग्रबच्या पॅकेजात तेथेही एक प्रत ठेवण्याचा पर्याय दिलेला आहे.

बूटच्या यादीतून विंडोज गेले.

डेबियन १२ पासून ग्रब इतर प्रणाली आपोआप शोधत नाही. ग्रबच्या सेटिंग फाइलमध्ये ओएस-प्रोबर बंद ठेवण्याची ओळ फॉल्स अशी करावी, ओएस-प्रोबर पॅकेज बसवावे आणि अपडेट-ग्रब चालवावे.

झेडएफएसचा पूल दिसत नाही.

डेबियनमध्ये झेडएफएस या फाइल सिस्टिमचे मॉड्यूल कर्नलसोबत येत नाही, ते डीकेएमएसने प्रत्येक कर्नलसाठी संगणकावरच बनवले जाते. नव्या कर्नलची हेडर पॅकेजे नसतील तर ते बनत नाही. लिनक्स-हेडर्स-एएमडी६४ बसवावे, मग मॉड्यूल बनले का ते पाहावे. सिक्युअर बूट चालू असेल तर आपल्या किल्लीची नोंदणीही लागते.

डिस्क खरोखर खराब झाली आहे का, हे कसे कळेल?

स्मार्टमॉनटूल्स पॅकेजातील स्मार्टसीटीएल या कमांडला ए हा पर्याय आणि डिस्कचे नाव द्यावे. हार्ड डिस्क आणि साटा एसएसडी यांच्या तक्त्यात क्रमांक ५, १९७ आणि १९८ यांच्या ओळी पाहाव्यात. त्या अनुक्रमे बदलून दिलेले, दुरुस्तीच्या प्रतीक्षेत असलेले आणि वाचता न येणारे सेक्टर मोजतात. १९७ चा आकडा शून्यापेक्षा अधिक असून वाढत असेल तर इतर सारे सोडून आधी प्रत काढावी. १९९ या क्रमांकाचा आकडा वाढत असेल तर मात्र संशय डिस्कपेक्षा केबलवर घ्यावा : तो डिस्क आणि कंट्रोलर यांच्यामधील वाटेवर झालेल्या चुका मोजतो, आणि साटाची केबल बदलली की वाढ थांबते. आकडा शून्यावर परत येत नाही, त्यामुळे जुनी बेरीज पाहून घाबरू नये. एनव्हीएमईच्या अहवालात माध्यमातील व माहितीच्या अखंडतेच्या चुका आणि शिल्लक राखीव जागा या ओळी महत्त्वाच्या.

खराब होत चाललेल्या डिस्कवर फाइल सिस्टिम दुरुस्त करणारी एफएससीके कमांड चालवू नये. आधी जीएनयू डीडीरेस्क्यूने दुसऱ्या डिस्कवर प्रत काढावी आणि दुरुस्ती त्या प्रतीवर करावी.

डेबियन ११ वरून थेट १३ वर जाता येईल का?

नाही, १२ वरून जावे लागते. त्या मधल्या मुक्कामी एक गोष्ट विसरू नये : डेबियन १२ पासून मुक्त नसलेले फर्मवेअर नॉन-फ्री-फर्मवेअर या स्वतंत्र विभागात गेले आहे. ॲप्टच्या स्रोतांत तो विभाग न जोडल्यास फर्मवेअरच्या नव्या आवृत्त्या येत नाहीत, आणि क्यूलॉजिकच्या फायबर चॅनेल कार्डांसारखी काही कार्डे फर्मवेअरविना डिस्क दाखवतच नाहीत. ३२ बिटांचे जुने संगणक १२ वरच ठेवावेत, कारण १३ मध्ये त्यांच्यासाठी कर्नल आणि इन्स्टॉलर दिलेले नाहीत.

मदत मागताना कोणती माहिती सोबत द्यावी?

अडलेल्या पडद्याचा फोटो, जुन्या कर्नलने संगणक सुरू होतो की नाही, कोणत्या आवृत्तीवरून अपग्रेड केले, आणि शक्य असेल तर एलएसबीएलकेचे एफ पर्यायासह आलेले उत्तर, एफएसटॅबची पूर्ण फाइल, प्रॉकमधील सीएमडीलाइन व डी-मेसेजची संपूर्ण नोंद. प्रणाली सुरूच होत नसेल तर यांतील बरेचसे लाइव्ह पेन ड्राइव्हवरून मिळते. मात्र तेथली डी-मेसेज नोंद आणि सीएमडीलाइन लाइव्ह प्रणालीची असते हे सांगावे. आपण आधी काय काय करून पाहिले हेही क्रमाने लिहावे, विशेषतः ग्रब पुन्हा बसवले असेल किंवा फर्मवेअरमधील एखादे सेटिंग बदलले असेल तर. नोंदींत डिस्कचा सिरियल क्रमांक येतो, तो सार्वजनिक ठिकाणी देताना झाकला तरी निदानात अडचण येत नाही. यूयूआयडी मात्र झाकू नयेत, कारण एफएसटॅबमधला आणि डिस्कवरचा यूयूआयडी ताडून पाहणे हेच मदत करणाऱ्याचे पहिले काम असते.